तिन्ही एकदम

विजयकर सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ मिळालं. आभाराचं भाषण त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं आणि खाली बसता बसता प्रिन्सिपल मॅडमना विचारलं, "आपली तळमजल्यावरची डार्करूम आता कोणी वापरत नाही ना? मला वापरू द्याल?"

मॅडमना वाटलं, सरांना म्हातारपणी फोटोग्राफीचा नाद लागला. त्या हसून हो म्हणाल्या. मला मात्र सर काय करणार आहेत ते माहीत होतं, कारण ज्या तासाला ते सगळं सुरू झालं त्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते.

मी अनुजा गुप्ते. परळच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. नोकरीला लागले तेव्हा विजयकर सर विभागप्रमुख होते आणि नवीन माणसानं त्यांच्या तासाला बसून शिकवणं बघायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. मला तो इतका आवडला की मी जुनी झाल्यावरही बसत राहिले. मनमोहन विजयकर म्हणजे ठाकुरद्वारच्या जुन्या प्रभू घराण्यातले. पणजोबा सरकारी कचेरीत, आजोबा सॉलिसिटरकडे हेडक्लार्क. सरांच्या शर्टाची बाही मी कधी दुमडलेली पाहिली नव्हती. फळ्यावरचं अक्षरही तसंच, इस्त्री केल्यासारखं.

त्या दिवशी ते तिसऱ्या वर्षाला प्रकाशाचे कण शिकवत होते. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून प्रकाश सुट्या सुट्या दाण्यांनी येतो, आणि या दाण्याला फोटॉन म्हणायचं, हे सगळ्या पुस्तकांत आहे तसं. तेव्हा नूपुर टिपणीस नावाची एक मुलगी उठली. दादरहून यायची, बोलायला तुटक, पण वाचून येणारी.

"सर, पण यातून दाणे सिद्ध होतात का? धातूतल्या अणूंनाच ऊर्जेच्या पायऱ्या आहेत असं मानलं, तर प्रकाश लाट असला तरी हेच होईल. मी वाचलंय तसं."

वर्गात खसखस पिकली. सरांनी खडू खाली ठेवला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "हा प्रयोग पुरेसा नाही. पुरेसा पुरावा देणारा प्रयोग वेगळा आहे. तो पुष्कळ नंतर झाला, आणि अवघड आहे."

"आपल्याकडे होईल?"

सर जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणत होते, धाड धाड आवाज चालू होता. मग म्हणाले, "बघायला हवं."

निवृत्तीला काही महिनेच उरले होते. दुसऱ्या कोणी तो प्रश्न हसून सोडून दिला असता.

डार्करूम म्हणजे पाच-सहा माणसं जेमतेम मावतील अशी खोली. आत पहिलं काम होतं ते टेबलाचं. या प्रयोगात आरसे केसभर हलले तरी सगळं बिघडतं, आणि शेजारी तर टॉवरच्या पायाचं पायलिंग चालू. परदेशात यासाठी हवेवर तरंगणारी टेबलं मिळतात. सरांनी लालबागला ओट्याचे दगड कापणाऱ्याकडे जाऊन, गिऱ्हाइकानं न उचललेला ग्रॅनाइटचा एक जाड तुकडा आणला आणि तो स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर आडवा टाकला. ट्यूबांत हवा किती भरायची यावर त्यांचे आठवडे गेले. दगडावर पाण्याची ताटली ठेवायची आणि पायलिंगचा दणका बसला की पाण्यावर तरंग उठतो का ते वाकून बघायचं. एके दिवशी दणका बसला, बाहेर प्रयोगशाळेच्या खिडकीची तावदानं वाजली, आणि ताटलीतलं पाणी गप्प राहिलं. सरांनी बाही दुमडली. त्यानंतर ती दुमडलेलीच राहिली.

दुसरं काम अंधाराचं. एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर आमच्या कॉलेजाच्या आवाक्यातले नव्हतेच. पण सरांचा एक जुना विद्यार्थी, सौमित्र कर्णिक, आता एका मोठ्या संशोधन संस्थेत लेझर आणि अणूंवर काम करतो. त्यानं जपून वापरायच्या अटीवर तीन डिटेक्टर काही काळासाठी दिले.

"सर, एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "हे चालू असताना कोणी ट्यूबलाइट लावली, तर हे गेलेच समजा."

सरांनी गिरगावातून छत्रीचं काळं कापड आणलं आणि टेबलाभोवती दुहेरी पडदे शिवून घेतले. तरी कुठून तरी उजेड झिरपायचा. आम्ही आत बसून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचो आणि भिंती न्याहाळायचो. एकदा तो उजेड निघाला मोबाइल चार्जरच्या इवल्याशा हिरव्या दिव्याचा. नूपुर तेव्हा एम.एस्सी.ला आमच्याकडेच होती आणि प्रयोगाला रोज यायची. ती म्हणाली, "सर, मुंबईत अंधार आणणं हाच खरा प्रयोग आहे."

आता प्रयोग काय होता ते सांगते, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही. सर तो ज्या शब्दांत सांगायचे, त्याच शब्दांत सांगते.

वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभे राहा. लाट आली आणि समोर होडी असली, तर लाट होडीच्या दोन्ही अंगांनी पुढे जाते. ती फुटते, दोन्हीकडे वाटली जाते. आता धोबीतलावच्या नाक्यावर उभे राहा. एक माणूस चालत येतो. तो एक तर या रस्त्याला जाईल, नाही तर त्या. दोन्ही रस्त्यांवर शिट्टी घेऊन पहारेकरी उभे केले, तर एका माणसासाठी दोन्ही शिट्ट्या एकदम कधीच वाजणार नाहीत. प्रकाशाच्या वाटेत अर्धा आरसा ठेवायचा, म्हणजे निम्मा प्रकाश सरळ जाऊ देणारा आणि निम्मा बाजूला वळवणारा. दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर. प्रकाश लाट असेल तर दोन्ही डिटेक्टर अधूनमधून एकदम वाजतील. दाणा असेल, तर नाही.

"मग साधा टॉर्च अगदी मंद करून टाकला की झालं," असं मी पहिल्यांदा म्हणाले होते.

"नाही ना," सर म्हणाले. "मंद केला तरी माणसं घोळक्यानं यायची ती येतातच, फक्त घोळके लहान होतात. नाक्यावर आत्ता एकटाच माणूस आलाय, हे आधी कळायला हवं."

ते कळण्यासाठी एक खास स्फटिक वापरतात. त्यात जांभळ्या लेझरचा प्रकाश सोडला की लाखो-कोट्यवधी फोटॉनांतला एखादा फुटून त्याची जुळी होतात. जुळ्यांतला एक पहिल्या डिटेक्टरवर जाऊन वर्दी देतो की माझा भाऊ निघालाय. दुसरा अर्ध्या आरशाकडे जातो. म्हणजे डिटेक्टर तीन झाले: एक वर्दी देणारा आणि दोन रस्त्यांवरचे दोन. वर्दी आणि डावा एकदम वाजतील, वर्दी आणि उजवाही वाजतील. तिन्ही एकदम मात्र जवळजवळ कधीच वाजायला नकोत.

एकदम म्हणजे किती एकदम, हे मोजणारी पेटी लागते. सर ती बाहेरून मिळते का याची चौकशी करत असताना नलूताई डबा घेऊन आल्या.

नलूताई म्हणजे सरांच्या पत्नी. टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर इंजिनिअर होत्या, सरांच्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, बोलायला सरळ. डब्यात कोबी-कोळंबीचं भानोलं होतं. आम्ही खात असताना त्यांनी भिंतीवर चिकटवलेली आकृती वाचली.

"दोन घंटा एकाच वेळी वाजल्या की नाही, एवढंच सांगायचंय ना पेटीनं?" त्यांनी विचारलं.

"हो. पण फार झटपट," सर म्हणाले. "माणसाच्या उंचीइतकं अंतर जायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वाजल्या तरच एकदम म्हणायचं."

नलूताईंनी आकृतीवरून बोट फिरवलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "बघते मी. आमच्या वेळच्या चिपा चालणार नाहीत, पण तत्त्व तेच आहे."

त्यांनी ती पेटी घरी, जेवणाच्या टेबलावर बनवली. मी ठाकुरद्वारला गेले की टेबलाच्या एका टोकाला सोल्डरिंग आयर्न आणि दुसऱ्या टोकाला आमचा चहा. पहिला सर्किट बोर्ड त्यांनी टाकून दिला, दुसराही टाकला. तिसरा चालला. एकच विजेचा ठोका तीन वायरींनी तिन्ही तोंडांना दिला, की पेटीवरचे सगळे आकडे बरोबरीनं वाढायचे. सरांनी तो खेळ इतक्या वेळा करून बघितला की नलूताई म्हणाल्या, "पुरे आता. ती काय वाजंत्री आहे?"

त्यानंतर खरं अवघड सुरू झालं. ते जुळे फोटॉन डोळ्यांना दिसतच नाहीत. जांभळा लेझर दिसतो, पण त्यातून निघालेली जुळी दिसण्याच्या पलीकडच्या रंगाची असतात आणि इतकी थोडी की कशानंच दिसत नाहीत. ती कुठे असावीत हे गणितानं काढायचं, तिथे डिटेक्टर ठेवायचा आणि स्क्रू सुतासुतानं फिरवत शोधायचं. पायलिंगवाले दुपारी जेवायला थांबायचे, तेवढाच आमचा निवांत वेळ. सर पडद्यात हात घालून स्क्रू फिरवायचे, नूपुर बाहेर आकडे वाचायची. महिन्यांमागून महिने आकडे तसेच. मला वाटायचं, सर आता कंटाळतील. ते रोज साडेअकराला हजर.

एका दुपारी नूपुरचा आवाज बदलला.

"वाढलं वाटतं, सर."

"किती?"

"थोडंसंच. नाही... अजून वाढलं. सर, हलवू नका. नाही नाही, हलवा, त्याच बाजूला हलवा! वाढतंय!"

सरांचा हात पडद्यातच होता, त्यामुळे ते वळून बघू शकत नव्हते. चेहरा पडद्याला टेकलेला, डोळे मिटलेले. नूपुर ओरडून आकडे सांगत होती आणि ते लहान मुलासारखे "हं, हं" करत होते. वर्दी आणि डावा एकदम वाजत होते. जुळी सापडली होती. त्या दिवशी सरांनी आम्हाला दादरला नेऊन पियूष पाजलं आणि सगळ्या वाटेत ते स्क्रूबद्दलच बोलत होते.

बातमी प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गेली. त्यांनी लगेच विज्ञान दिनाचा मुहूर्त धरला. आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक, सौमित्र, एक वार्ताहर, सगळ्यांना बोलावणं गेलं. सर म्हणत होते की उजव्या बाजूचा डिटेक्टर आत्ता कुठे जागेवर बसलाय, तिन्हींची मोजणी नीट व्हायला अजून वेळ द्या. पण आमंत्रणं गेली होती. उघड्या बोर्डाची ती पेटी पाहुण्यांपुढे बरी दिसत नाही म्हणून आमच्या वर्कशॉपनं तिला ॲल्युमिनियमचं घर केलं. दर्शनी बाजूला आकड्यांच्या तीन खिडक्या आणि त्याखाली रंगवलेली अक्षरं: वर्दी-डावा, वर्दी-उजवा, तिन्ही एकदम.

त्या दुपारी प्रयोगशाळा भरून गेली. डार्करूमचं दार बंद होतं. दाराखालून आलेल्या तीन वायरी टेबलावरच्या पेटीत गेल्या होत्या. सरांनी कोळीवाड्याची लाट सांगितली, धोबीतलावचा नाका सांगितला, आणि बटण दाबलं.

पहिल्या दोन खिडक्यांतले आकडे पळू लागले. तिसरीत शून्य. लोक पुढे सरकले. हजारांनी आकडे वाढत गेले, तरी तिसरीत शून्यच. मागच्या बाजूच्या कोणीतरी "वा!" म्हटलं. सौमित्र तर उभाच राहिला.

"सर, एकही नाही! इतकं स्वच्छ शून्य मी आमच्या लॅबमध्येही बघितलं नाहीये!"

मॅडमनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी त्या उचलल्या. वार्ताहर फोटो काढत होता. नूपुरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही.

सर मात्र हसत नव्हते. ते तिसऱ्या खिडकीकडे टक लावून बघत होते. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांचे ओठ हलत होते. तोंडी हिशेब करताना त्यांचे ओठ तसे हलतात. मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्या रांगेतल्या नलूताईंकडे बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली. 

नलूताई उठल्या. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकही नाही? चुकूनसुद्धा नाही?"

सर म्हणाले, "नाही."

"किती यायला हवे होते?"

सर म्हणाले, "कधीमधी जुळ्यांच्या दोन जोड्या एकाच वेळी निघतात. डिटेक्टरही अधूनमधून उगाच वाजतात. आत्तापर्यंत चार-पाच तरी यायला हवे होते."

"मग प्रकाशाला नंतर विचारा. आधी माझ्या पेटीला विचारा."

टाळ्या थांबल्या. काय चाललंय ते बऱ्याच जणांना कळलं नव्हतं. नलूताई टेबलापाशी आल्या, डिटेक्टरच्या तिन्ही वायरी त्यांनी काढल्या आणि ठोके देणाऱ्या यंत्राच्या तीन वायरी त्या जागी लावल्या. आता एकच ठोका तिन्ही तोंडांना एकदम जाणार होता. म्हणजे तिन्ही खिडक्यांतले आकडे बरोबरीनं वाढायलाच हवेत.

त्यांनी बटण दाबलं. पहिली खिडकी धावली. दुसरी धावली. तिसरीत शून्य.

"हं," नलूताई म्हणाल्या. "आत कुठेतरी जोड सुटलाय. ॲल्युमिनियमच्या घरात बसवताना वायर ओढली गेली असेल. बसवून झाल्यावर मी पुन्हा तपासायला हवी होती. तपासली नाही."

सर पाहुण्यांकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा हळू होता.

"मंडळी, तुम्ही बघितलेलं शून्य प्रकाशाचं नव्हतं, आमच्या यंत्राचं होतं. कोणताही प्रकाश टाकला असता तरी ते शून्यच आलं असतं. तेव्हा आज आम्ही तुम्हाला काहीही दाखवलेलं नाही. तुमचा वेळ घेतला, क्षमा करा. खरं जे काही येईल ते दाखवायला पुन्हा बोलावू."

सौमित्र पुढे झाला. "सर, एक जोड तर लावायचाय. दहा मिनिटांचं काम. थांबतील सगळे."

"नको," सर म्हणाले. "हा जोड सुटलेला आम्हाला कळला नाही, तर अजून काय काय कळलेलं नाही ते आधी बघू दे."

लोक चहा घेऊन पांगले. मॅडमनी चहाचा कपही उचलला नाही. वार्ताहर मला विचारत होता की मग बातमी काय द्यायची. मी त्याला सांगितलं, जे झालं ते द्या. त्यानं काहीच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाकुरद्वारला गेले.  मला वाटत होतं घरात तणाव असेल. दार सरांनी उघडलं. आत टेबलावर पेटीचं ॲल्युमिनियमचं घर बाजूला पडलं होतं आणि नलूताई डोळ्याला भिंग लावून बोर्डावर वाकल्या होत्या.

"सापडला," त्या म्हणाल्या. "ड्राय सोल्डर. जोड वरून नीट दिसतो, आतून धरलेलाच नसतो. उघड्यावर होता तोवर कसाबसा टेकून चालला, ओढ बसली तसा सुटला."

सर चहा करायला आत गेले. मी हळू आवाजात विचारलं, "नलूताई, काल तुम्ही सगळ्यांसमोर... सर बोललेच असते ना?"

"बोलले असते तर!" त्यांनी भिंग काढलं. "ते गप्प बसणारे नव्हेत. पण ते बोलले असते तर मला सांभाळून बोलले असते. 'यंत्रात काही बिघाड असावा', असं काहीतरी गुळमुळीत. त्यांच्या तोंडून तसलं वाक्य मला ऐकायचं नव्हतं. जन्मभर नाही ऐकलं, आता कशाला?"

एवढं बोलून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. आतून सर ओरडले, "नलू, आलं कुठे ठेवलंयस?" आणि त्या "खिडकीत!" म्हणून कामाला लागल्या.  पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांना काय काय देतात हे मी ऐकून होते. असलं काही देतात हे मला ठाऊक नव्हतं.

पुढचे काही आठवडे सरांनी तपासण्याखेरीज काही केलं नाही. पेटी रोज सकाळी ठोक्यांवर तपासायची. मग प्रत्येक डिटेक्टर वेगळा. मग साधा दिवा, अगदी मंद करून, तिन्ही डिटेक्टरवर सोडायचा. इथे जुळी नाहीत, घोळके आहेत, त्यामुळे तिन्ही एकदम वाजायला हवेत, आणि नुसते वाजून भागणार नाही, गणितानं जितके येतात तितकेच यायला हवेत. पहिल्यांदा ते थोडे जास्त आले. का जास्त आले ते शोधण्यात आणखी दिवस गेले. एका डिटेक्टरमधून निसटलेली उजेडाची तिरीप दुसऱ्यावर पडत होती. सरांनी मध्ये काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा लावला. मग आकडे गणिताशी जुळले.

नूपुर त्या दिवसांत कधी चिडायची. "सर, आता जुळी लावू या ना!"

"लावू," सर म्हणायचे. "दिव्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. जे माहीत आहे तेच यंत्र चुकवत असेल, तर जे माहीत नाही ते त्याच्याकडून कसं ऐकायचं?"

आणि मग एका सोमवारी दुपारी, पायलिंग थांबल्यावर, त्यांनी जुळी लावली. मोठा समारंभ नव्हता. नलूताई, नूपुर, मी, आणि सौमित्र, तो आपणहून आला होता. पहिल्या दोन खिडक्या पळू लागल्या. तिसरीत शून्य होतं, आणि आम्ही सगळे त्या शून्याकडे संशयानं बघत होतो. मग तिथे एक आला.

"आला!" नूपुर किंचाळली. तिन्ही एकदम वाजू नयेत यासाठी दोन वर्षं खपलेली आम्ही माणसं, ते एकदा वाजले म्हणून एकमेकांचे हात धरून उभी होतो.

बऱ्याच वेळानं दुसरा आला. मोजणी संपली तेव्हा तिथे मोजके पंधरा-वीस होते. साधा दिवा असता, तर तेवढ्याच वेळात काही शे आले असते. नूपुरनं आलेल्या आकड्याला त्या अपेक्षित आकड्यानं भागलं, पुन्हा भागलं, आणि कागद सरांपुढे धरला. लाटेचा प्रकाश कितीही मंद केला तरी जो आकडा एकाच्या खाली जाऊ शकत नाही, तो आमच्याकडे शून्य दशांश शून्यवर काहीतरी आला होता. सरांनी कागद घेतला नाही. ते स्टुलावर बसले होते आणि डार्करूमच्या बंद दाराकडे बघत होते, आत काही दिसत असल्यासारखं.

"एकेक करून जातायत," ते म्हणाले. "खरंच एकेक करून जातायत गं, नलू."

नलूताई म्हणाल्या, "हो." आणि त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

सरांनी विज्ञान दिनाला आलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. निम्मेअधिक जण पुन्हा आले. प्रिन्सिपल मॅडम दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी पुढे येऊन विचारलं, "आज पेटी तपासलीत?" सरांनी ठोक्यांच्या वायरी लावून दाखवल्या. तिन्ही खिडक्या बरोबरीनं धावल्या. तेव्हा मॅडम हसल्या, आणि या वेळच्या टाळ्या कमी माणसांच्या असूनही बराच वेळ चालल्या.

आता हा प्रयोग आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना करायला असतो. नूपुर बंगळूरला संशोधनाला गेली. सौमित्रनं नलूताईंकडून त्याच्या संस्थेसाठी तसलीच पेटी करून घेतली आणि त्याच्याकडे नवीन आलेल्या मुलांना तो पहिल्या आठवड्यात विज्ञान दिनाची ती दुपार सांगतो, असं त्यानंच मला सांगितलं.

सर अजून रोज येतात. आता त्यांना अणू हवे आहेत. रुबिडियम धातूची वाफ भरलेली बोटभर लांबीची काचेची नळी सौमित्रनं दिली आहे, आणि तीत लेझर बरोबर नेमक्या रंगाचा सोडला की आतले अणू तो पिऊन पुन्हा बाहेर टाकतात, म्हणजे नळी आतून उजळते. तो उजेड कॅमेऱ्यावर दिसतो. त्यासाठी नळी सारखी कोमट ठेवावी लागते. मागच्या आठवड्यात मी खाली गेले, तर दोघं नळीभोवती गुंडाळायच्या हीटरच्या तारेवरून वाद घालत होती. सरांचं म्हणणं तार एकाच दिशेनं गुंडाळायची. नलूताईंचं म्हणणं, तशी गुंडाळली तर तिचं चुंबकीय क्षेत्र अणूंना त्रास देईल, ती दुहेरी करून उलटसुलट गुंडाळायला हवी.

"अनुजा, तूच सांग," सर म्हणाले.

मी म्हटलं, नलूताई सांगतात ते बरोबर आहे. सरांनी तार सोडवली आणि बाही वर सारून ती पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.